यंत्रबुद्धीच्या संशोधकाने कोणते तत्त्वज्ञान वाचावे?

पुण्यात कृत्रिम बुद्धिमत्तेवरचे व्याख्यान टिळक रस्त्यावरच्या सभागृहात असो की बाणेरच्या एखाद्या कंपनीत, प्रश्नोत्तरांची वेळ आली की एक वाद हमखास डोके वर काढतो. कोणत्याही क्षेत्रात माणसाच्या तोडीचा विचार करू शकणारे यंत्र, म्हणजे ज्याला आता सगळे ‘एजीआय’ म्हणतात ते, घडवू पाहणाऱ्या संशोधकाने तत्त्वज्ञान वाचावे का? एक पक्ष म्हणतो, मुळीच नको. अडीच हजार वर्षांत ज्यांचे आपसांत एकमत झाले नाही ते आम्हाला काय शिकवणार? आम्हाला डेटा द्या, संगणनशक्ती द्या, बाकीचे आम्ही बघतो. दुसरा पक्ष म्हणतो, वाचलेच पाहिजे, आणि लागलीच उपनिषदांपासून आजच्या जाणिवेच्या सिद्धांतांपर्यंत पोचणारी यादी पुढे करतो. ही यादी वाचून सोमवारी सकाळी कामावर बसलेल्या माणसाने नेमके काय वेगळे करायचे, हे मात्र कोणी सांगत नाही. दोन्ही पक्ष ‘तत्त्वज्ञान’ हा जणू एकच अखंड पदार्थ आहे असे गृहीत धरून बोलतात, आणि म्हणून टाळ्या मिळूनही वाद जिथे होता तिथेच राहतो.

माझे म्हणणे असे आहे. या संशोधकाने तत्त्वज्ञान जरूर वाचावे, पण वाचनाला एक कसोटी लावावी. जो ग्रंथ वाचल्यावर आपल्या यंत्राची आधी न सुचलेली एखादी चाचणी सुचते, किंवा आपली जुनी चाचणी आपण समजत होतो ते मोजतच नव्हती हे लक्षात येते, तो या कामासाठी उपयोगी. जो वाचून यातले काहीच घडत नाही तो थोर असू शकतो, आयुष्य बदलणारा असू शकतो, पण या कामापुरता बाजूला ठेवावा. ही कसोटी लावली तर उपयोगी वाचन जाणिवेच्या आणि आत्म्याच्या चर्चेत फारसे सापडत नाही. ते ज्ञानमीमांसेत सापडते: अनुमान केव्हा बरोबर ठरते, पुरावा कशाला म्हणावे, आठवणे आणि जाणणे यांत फरक काय, दुसऱ्याच्या सांगण्यावर विश्वास कधी ठेवावा, नियम पाळणे म्हणजे काय. आणि यातला फार मोठा भाग आपल्याकडच्या प्रमाणशास्त्रात, म्हणजे ज्ञान खरे कशाने ठरते याच्या शास्त्रात, आहे, जो पुण्यात हाताशी असूनही ज्यांना त्याची गरज आहे ते त्याकडे फिरकत नाहीत.

‘नको’ म्हणणाऱ्यांची बाजू कमकुवत नाही, हे आधी मान्य केले पाहिजे. त्यांचा सर्वांत बळकट पुरावा इतिहासाचा आहे. 1965 मध्ये ह्यूबर्ट ड्रायफस या अमेरिकी तत्त्वज्ञाने रँड संस्थेसाठी लिहिलेल्या निबंधात या क्षेत्राची तुलना किमयागारीशी केली आणि तेव्हाच्या बुद्धिबळ खेळणाऱ्या प्रोग्रामांच्या दुबळेपणावर बोट ठेवले. दोनच वर्षांनी, 1967 मध्ये, एमआयटीत तयार झालेल्या मॅकहॅक या प्रोग्रामने खुद्द ड्रायफसलाच बुद्धिबळात हरवले. पुढे 1997 मध्ये बुद्धिबळाचा जगज्जेता कास्पारॉव्ह संगणकाकडून हरला, 2016 मध्ये गो या खेळातला ली सेडॉल हरला. ज्या ट्रान्सफॉर्मर रचनेवर आजची भाषिक मॉडेले उभी आहेत ती 2017 मध्ये आली, आणि ती मांडणारे सगळे अभियंते व संगणकशास्त्रज्ञ होते. 2019 मध्ये रिचर्ड सटन यांनी आपल्या क्षेत्राच्या सत्तर वर्षांचा ‘कडू धडा’ सांगितला: माणसाची समज यंत्रात हाताने भरण्याचे प्रयत्न दीर्घकाळात हरतात, आणि संगणनशक्ती वाढेल तशा वाढणाऱ्या सर्वसाधारण पद्धती, म्हणजे शोध आणि शिकणे, जिंकतात. ज्या तरुणाने गेल्या काही वर्षांत मॉडेलचा आकार वाढताच क्षमता वाढलेली स्वतःच्या डोळ्यांनी पाहिली आहे, त्याला तत्त्वज्ञान हा वेळेचा अपव्यय वाटला तर त्यात उद्धटपणा नाही. त्याच्या अनुभवाचा तो रास्त निष्कर्ष आहे.

पण हा इतिहास पुरता वाचला तर काय दिसते? ड्रायफसचे भाकीत चुकले, तसे अभियंत्यांचेही चुकलेच. हर्बर्ट सायमन यांनी 1957 मध्ये सांगितले होते की दहा वर्षांत संगणक बुद्धिबळाचा जगज्जेता होईल. त्याला लागली चाळीस वर्षे. भाकिते करण्यात दोन्ही बाजू सारख्याच कच्च्या, तेव्हा एका बाजूची चूक तेवढी मोजून निकाल देणे बरोबर नाही. याहून महत्त्वाचे असे की ड्रायफसचे भाकीत आणि त्याचे निदान या दोन वेगळ्या गोष्टी होत्या. निदान असे होते की माणसाची व्यवहारातली समज सुट्या वाक्यांच्या आणि नियमांच्या रूपात पूर्णपणे लिहून काढता येत नाही, त्यामुळे नियम लिहून बुद्धी घडवण्याचा मार्ग कुठेतरी अडणारच. तो अडला. 1973 मध्ये ब्रिटनमध्ये या क्षेत्रावर कडक टीका करणारा लाइटहिल अहवाल आला आणि तिथल्या या संशोधनाचा पैसा आटला. आजचे यश त्या मार्गाने पुढे जाऊन मिळालेले नाही, तो मार्ग सोडून मिळाले आहे. सटन यांचा धडा तरी काय आहे? भूतकाळातल्या काही उदाहरणांवरून भविष्याबद्दल काढलेले ते अनुमान आहे. त्याची व्याप्ती किती, त्याला अपवाद कोणते, कोणती परिस्थिती बदलली तर ते ढासळेल, हे विचारल्याशिवाय ते वापरता येत नाही, आणि हे विचारणे म्हणजेच तत्त्वज्ञान. प्रश्न एवढाच उरतो की ते नीट करायचे की अजाणता.

या क्षेत्राच्या पायाभरणीकडे पाहिले तर ज्यांनी प्रत्यक्ष काम केले ते काय वाचत होते हेही कळते. 1943 मध्ये मॅककलक आणि पिट्स यांनी चेतापेशींचे तर्करूप मांडले. आजच्या न्यूरल नेटवर्कांचा वंश तिथून सुरू होतो. त्या निबंधाच्या शेवटी संदर्भ फक्त तीन आहेत आणि तिन्ही तर्कशास्त्राचे आहेत. त्यांतला एक रुडॉल्फ कार्नॅप या तत्त्वज्ञाचा. याच कार्नॅपकडे शिकागोमध्ये शिकलेल्या रे सोलोमोनॉफ यांनी 1964 मध्ये विगमनाचा, म्हणजे उदाहरणांवरून नियमाकडे जाण्याचा, गणिती सिद्धांत मांडला. त्याच्यावर मार्कस हुटर यांनी सर्वसाधारण बुद्धिमत्तेचे आदर्श रूप उभे केले, आणि हुटर यांचे विद्यार्थी शेन लेग 2010 मध्ये डीपमाइंड या कृत्रिम बुद्धिमत्तेच्या कंपनीच्या संस्थापकांपैकी एक झाले. ‘कृत्रिम बुद्धिमत्ता’ हा शब्द ज्यांनी रूढ केला त्या जॉन मॅकार्थी यांनी पॅट्रिक हेज यांच्याबरोबर 1969 मध्ये लिहिलेल्या निबंधाच्या शीर्षकातच ‘तत्त्वज्ञानातील काही प्रश्न’ असे शब्द आहेत, आणि यंत्राने एक कृती केली तर जगात काय काय बदलत नाही हे त्याला कसे सांगायचे, हा पुढे गाजलेला पेच तिथेच मांडला गेला. यांतल्या कोणीही तत्त्वज्ञान शोभेसाठी वाचले नव्हते. कामात कुठे अडले हे त्यांना आधी माहीत होते, आणि तिथे आधी कोण अडले होते याचा त्यांनी शोध घेतला.

आता दुसऱ्या पक्षाकडे वळतो, कारण तत्त्वज्ञानाचे जास्त नुकसान तोच करतो असे मला वाटते. ‘संस्कृत ही संगणकासाठी सर्वांत योग्य भाषा आहे असे नासाने म्हटले आहे’ हे वाक्य पुण्यात एकदाही ऐकले नाही असा माणूस विरळा. त्याचे मूळ 1985 मधल्या एका लेखात आहे. नासाच्या एम्स केंद्रात काम करणारे रिक ब्रिग्ज यांनी तो एका कृत्रिम बुद्धिमत्ताविषयक नियतकालिकात लिहिला होता. संस्कृत वैयाकरणांनी वाक्याचा अर्थ ज्या पद्धतीने उलगडून दाखवला ती पद्धत आणि ज्ञान नोंदवण्याच्या तेव्हाच्या संगणकीय पद्धती यांत विलक्षण साम्य आहे, असे त्यांचे म्हणणे. ते एका संशोधकाचे निरीक्षण होते, नासाचा निर्णय नव्हता, आणि संस्कृतमध्ये प्रोग्राम लिहावेत असेही त्यात नव्हते. तो लेख खरोखर वाचला असता तर शाब्दबोधाच्या, म्हणजे वाक्यातून अर्थ कसा कळतो याच्या, चर्चेकडे जाण्याची एक वाट उघडली असती. आपण मात्र त्याचे प्रशस्तिपत्र करून भिंतीवर टांगले. ‘हे सगळे आपल्याकडे आधीच होते’ असे म्हटले की वाचायचे कारणच संपते. ज्या परंपरेने पूर्वपक्ष, म्हणजे विरोधकाची बाजू, प्रामाणिकपणे मांडल्याशिवाय सिद्धांताला हात लावला नाही तिचा गौरव इतक्या आयत्या निष्कर्षांनी व्हावा, याचे मला खरोखर वाईट वाटते.

यादीवाल्यांचा दुसरा आग्रह जाणिवेचा. यंत्राला जाणीव असेल का, त्याला दुःख होईल का, हे प्रश्न खोटे नाहीत, आणि यंत्रांशी आपण कसे वागावे याचा निर्णय पुढे कदाचित त्यांच्यावरच ठरेल. जॉन सर्ल यांनी 1980 मध्ये मांडलेला युक्तिवाद, की चिनी न समजणारा माणूसही नियमपुस्तक पाहून चिनी प्रश्नांची बिनचूक उत्तरे देऊ शकेल, आजही तोंड बंद करणारा वाटतो. पण त्याच्या मांडणीतच असे ठरलेले आहे की बाहेरून पाहता वागण्यात काहीच फरक दिसणार नाही. ज्या भेदाने वागण्यात फरक पडत नाही त्यावरून चाचणी रचता येत नाही. म्हणून माझ्या कसोटीवर तो मागे पडतो, आणि यात सर्ल यांचा अनादर नाही.

मग पुढे काय येते? इथे मी थोडा रेंगाळणार आहे, कारण खरा ऐवज इथे आहे. अन्नंभट्टाचा तर्कसंग्रह हे न्याय या तर्कप्रधान दर्शनाचे प्रवेशाचे पुस्तक. आठल्ये आणि बोडस यांची त्याची सटीप आवृत्ती 1897 मध्ये मुंबई संस्कृत मालेत निघाली आणि आजही ती वाचली जाते. त्यातला अनुमानाचा भाग आमच्या एका छोट्या वाचनगटात दोन-तीन अभियंत्यांबरोबर वाचताना मी समोर एक प्रसिद्ध उदाहरण ठेवले होते. अमेरिकेत न्यूमोनियाच्या रुग्णांपैकी कोणाला जास्त धोका आहे हे ओळखायला काही मॉडेले शिकवण्यात आली. 1990 च्या दशकातला तो अभ्यास रिच कॅरुआना आणि सहकाऱ्यांनी 2015 मध्ये नव्याने चर्चेत आणला. डेटातून एक नियम निघाला: दमा असलेल्या रुग्णाला न्यूमोनियाने मरण्याचा धोका कमी असतो. आकड्यांच्या दृष्टीने हा नियम खरा होता. दमेकऱ्याला न्यूमोनिया झाला की त्याला तातडीने, बहुतेकदा थेट अतिदक्षता विभागात, दाखल करत आणि म्हणून तो वाचे. मॉडेलला उपचार दिसले नाहीत, दमा दिसला. त्या नियमावर विसंबून दमेकऱ्याला घरी पाठवले असते तर तो दगावला असता.

तर्कसंग्रहात याच जातीच्या चुकीची चर्चा आहे. धूर दिसला की अग्नी असतो हे खरे, पण अग्नी आहे म्हणून धूर असेल असे अनुमान चुकते. तापून लाल झालेल्या लोखंडाच्या गोळ्यात अग्नी असतो, धूर नसतो. धुरासाठी ओल्या लाकडाचा संयोग लागतो. हा ओल्या लाकडाचा संयोग म्हणजे उपाधी. जिथे जिथे सिद्ध करायची गोष्ट आहे तिथे ती असते, पण जिथे जिथे हेतू, म्हणजे ज्यावरून अनुमान काढायचे ती खूण, आहे तिथे ती असतेच असे नाही. अशा उपाधीवर उभा असलेला हेतू व्याप्यत्वासिद्ध, म्हणजे सदोष. काटेकोर बोलायचे तर दम्याच्या उदाहरणाला हे लक्षण जसेच्या तसे लागू होत नाही, कारण किरकोळ आजाराचे अनेक रुग्ण तातडीच्या उपचारांशिवायही वाचतात. विचार गंभीर रुग्णांपुरता आवळला तरच ते बसते. हा आक्षेप गटातल्याच एका तरुणीने घेतला, आणि तिथून चर्चेला धार आली. मॉडेल कोणत्या गटासाठी नियम सांगते आहे? त्या गटातल्या ज्यांना हेतू लागू आहे पण उपाधी नाही अशांची उदाहरणे डेटात आहेत का? म्हणजे दमा आहे आणि उपचार उशिरा मिळाले, असे रुग्ण किती? ते नसतीलच, तर हा नियम कशावर उभा आहे? तासाभरात एका जुन्या व्याख्येने चार चाचण्या सुचवल्या. मी म्हणतो त्या उपयोगाचा अर्थ एवढा साधा आहे.

कोणी म्हणेल, आधुनिक संख्याशास्त्रात हे सगळे आहेच, आणि कार्यकारणाचे गणित ज्यूडिया पर्ल यांनी कितीतरी पुढे नेले आहे, मग ओल्या लाकडाकडे कशाला जायचे? आक्षेप योग्य आहे आणि मी तो अर्धा मान्य करतो. ज्याला गणित करायचे आहे त्याने पर्लच वाचावेत. पण गणित सुरू करण्याआधी कोणते चल मांडायचे हे ठरवावे लागते, आणि तिथे सूत्र मदत करत नाही. संशय कुठे घ्यावा हे शिकवणारे वाचन वेगळे असते. बौद्ध आचार्य दिङ्नाग यांचे हेतुचक्र पाहा. हेतू सपक्षात, म्हणजे जिथे सिद्ध करायची गोष्ट आहे अशा उदाहरणांत, सर्वत्र आहे, कुठेच नाही किंवा काही ठिकाणी आहे. आणि विपक्षात, म्हणजे जिथे ती गोष्ट नाही अशा उदाहरणांतही, या तीनच शक्यता. तीन गुणिले तीन, नऊ घरे. त्यांतली फक्त दोन घरे निर्दोष: हेतू विपक्षात कुठेही नाही आणि सपक्षात सर्वत्र किंवा निदान काही ठिकाणी आहे. दोन घरांत हेतू उलटच सिद्ध करतो, आणि उरलेल्या पाचांत काहीच ठरत नाही. चाचणीतज्ज्ञाला हा तक्ता ओळखीचा वाटेल. त्यातही मला सर्वांत मोलाचे वाटते ते घर म्हणजे हेतू ना सपक्षात, ना विपक्षात, फक्त तपासाधीन वस्तूतच असल्याचे. त्यावरून काहीच ठरत नाही, असे दिङ्नाग सांगतात. ‘आमच्या मॉडेलात हा अमुक नवा गुण दिसला, म्हणून त्याला तमुक येते’ अशा जाहीर घोषणांपैकी किती या घरात बसतात, हे प्रत्येक संशोधकाने स्वतः तपासून पाहावे.

आठवणीचा प्रश्न याहून तातडीचा आहे. न्यायमतात केवळ संस्कारांतून, म्हणजे आधीच्या अनुभवाने मनावर उमटलेल्या ठशांतून, उपजणारे ज्ञान ते स्मरण, आणि स्मरण खरे असले तरी त्याला प्रमा म्हणत नाहीत. प्रमा म्हणजे यथार्थ अनुभव, आणि अनुमानाने होणारे ज्ञान हा त्याचा एक प्रकार. पहिल्यांदा वाचताना हा भेद पांडित्याचा खेळ वाटतो. बरोबर उत्तर ते बरोबर उत्तर, ते आठवून दिले काय आणि काढून दिले काय? पण आजच्या भाषिक मॉडेलांच्या परीक्षांत नेमका हाच पेच आहे. प्रश्नपत्रिका आंतरजालावर असते, मॉडेलचे प्रशिक्षण आंतरजालावर होते, आणि गुण मात्र तर्कशक्तीचे म्हणून जाहीर होतात. 2024 मध्ये ॲपलच्या संशोधकांनी शालेय गणिताच्या एका प्रसिद्ध प्रश्नसंचातली नावे आणि आकडे बदलून पाहिले, तेव्हा अनेक मॉडेलांचे गुण घसरले. प्रश्नात उत्तराशी संबंध नसलेले एखादे वाक्य घुसवले तर घसरण फारच मोठी झाली. मॉडेले त्यानंतर पुष्कळ सुधारली आहेत आणि त्या प्रयोगाच्या अर्थाबद्दलही मतभेद आहेत. तरी प्रश्न कायम आहे: हे उत्तर संस्कारातून आले की व्याप्तिज्ञानातून, म्हणजे ‘जिथे धूर तिथे अग्नी’ अशा अतूट संबंधाच्या ज्ञानातून? ज्याला हा भेद आधीपासून ठाऊक आहे तो परीक्षा रचतानाच स्मरणाची वाट बंद करील. ज्याला नाही, तो निकालपत्र हाती आल्यावर जागा होईल.

याला जोडूनच प्रामाण्याचा जुना वाद येतो. ज्ञान झाले की ते खरे आहे हेही त्याबरोबरच कळते, आणि बाधक काही समोर आले तरच ते टाकायचे, असे मीमांसक, म्हणजे वेदवाक्यांचा अर्थ लावणाऱ्या दर्शनाचे पंडित, म्हणतात. नैयायिकांचे, म्हणजे न्यायदर्शनाच्या पंडितांचे, मत असे की ज्ञान खरे असल्याचे बाहेरून कळते, त्यानुसार केलेली प्रवृत्ती सफल होते तेव्हा. मॉडेल अतिशय आत्मविश्वासाने चुकीचे उत्तर देते हा आता सर्वांचाच अनुभव आहे. त्याच्या आत्मविश्वासाला पुराव्याचा दर्जा द्यायचा की नाही, त्याने स्वतःच स्वतःची तपासणी केली तर ती तपासणी धरायची का, हे प्रश्न जे संघ आज हाताळत आहेत त्यांनी या वादातल्या दोन्ही बाजू वाचाव्यात. मीमांसकांची बाजू विशेषतः वाचावी, कारण ती दिसते तितकी भोळी नाही: प्रत्येक ज्ञानाला दुसऱ्या ज्ञानाचा दाखला मागत बसलो तर त्या दाखल्याला दाखला कोण देणार? एका मॉडेलचे उत्तर दुसऱ्या मॉडेलकडून तपासून घेणाऱ्यांपुढे ही अनवस्था, म्हणजे कधीच न संपणारी साखळी, आज प्रत्यक्ष उभी आहे.

‘तत्त्वज्ञांचे एकमत होत नाही’ या आक्षेपाचे उत्तरही इथेच देता येते. चार्वाकांनी विचारले, सगळ्या काळातले सगळे धूर पाहिल्याशिवाय धूर आणि अग्नी यांचे साहचर्य अव्यभिचारी, म्हणजे कुठेच न मोडणारे, आहे हे तुम्हाला कळले कसे? युरोपात हाच प्रश्न डेव्हिड ह्यूम यांनी 1739 मध्ये आपल्या परीने उभा केला. दहाव्या-अकराव्या शतकातले नैयायिक उदयनाचार्य यांनी उत्तर दिले की शंकेलाही मर्यादा असते. स्वतःच्या वागण्याशी विरोध येईल तिथे ती संपते. अग्नीबद्दल शंका घेणाराही धूर हवा असला की अग्नीच पेटवतो. पुढे वेदान्ती श्रीहर्षांनी उदयनांचाच श्लोक थोडा फिरवून त्यांच्यावर उलटवला, आणि नव्यन्यायाच्या गंगेशांनी त्यालाही उत्तर दिले. एकमत झाले नाही हे खरे. पण प्रत्येक फेरीत प्रश्न जास्त नेमका झाला, व्याप्तीच्या एकेक लक्षणातला दोष दाखवून पुढचे लक्षण घडवले गेले. यंत्र रुग्णालयात किंवा रस्त्यावर सोडण्याआधी किती तपासणी पुरेशी, या प्रश्नाला आज कोणाकडे याहून चांगली भाषा आहे? कोणत्या शंकेने आपले वागणे बदलायला हवे आणि कोणत्या शंकेने नको, हे उदयनांनी विचारले होते, आणि सुरक्षिततेच्या प्रत्येक बैठकीत तेच विचारले जाते.

सगळे उपयोगी वाचन आपल्याकडचेच आहे असा याचा अर्थ होऊ नये. नेल्सन गुडमन यांनी 1955 मध्ये दाखवले की आतापर्यंतच्या त्याच उदाहरणांवरून परस्परविरोधी नियम सारख्याच अधिकाराने काढता येतात, आणि त्यांतला कोणता पुढे न्यायचा हे उदाहरणे सांगत नाहीत. प्रशिक्षणाच्या डेटात उत्तम वागणारे मॉडेल बाहेर वेडेवाकडे का वागते, हे समजायला याहून आटोपशीर लेखन मला माहीत नाही. ॲलन ट्यूरिंग यांचा 1950 चा निबंध सगळे उद्धृत करतात, पण त्याचा मधला भाग फार कमी लोक वाचतात. तिथे त्यांनी स्वतःच्या मताविरुद्धचे नऊ आक्षेप एकामागून एक घेतले आहेत, आणि शेवटी लहान मुलासारखे शिकणारे यंत्र घडवण्याची दिशा सुचवली आहे. पूर्वपक्ष कसा मांडावा याचा तो वस्तुपाठ आहे. यंत्राला उद्दिष्ट सांगण्याच्या प्रश्नावर गणितज्ञ नॉर्बर्ट वीनर यांनी 1960 मध्येच बजावले होते की यंत्रात आपण जे उद्दिष्ट घालतो ते आपल्याला खरोखर हवे असलेलेच आहे याची खात्री करून घ्या. 2016 मध्ये ओपनएआयने होड्यांच्या शर्यतीच्या एका खेळात यंत्राला गुण मिळवायला शिकवले, तर त्या यंत्राने शर्यत पुरी करण्याऐवजी एका कोपऱ्यात गोल गोल फिरत, इतर होड्यांवर आदळत, तेच तेच गुण पुन्हा पुन्हा गोळा केले आणि माणसांपेक्षा जास्त कमावले. आज्ञेचे शब्द पाळले गेले, आज्ञा पाळली गेली नाही. यज्ञातली कोणती गोष्ट कशाचे अंग हे ठरवताना श्रुती, लिंग, वाक्य, प्रकरण, स्थान आणि समाख्या, म्हणजे थेट शब्दापासून नुसत्या नावापर्यंतच्या सहा खुणा, यांपैकी कोणाचा शब्द कोणापुढे चालतो याची उतरंड मीमांसासूत्रे रचणाऱ्या जैमिनींनी लावली आहे. परस्परविरोधी सूचनांपैकी कोणती आधी मानावी हे यंत्राला शिकवणाऱ्यांनी ती निदान एकदा नजरेखालून घालावी.

वेळेचा आक्षेप शेवटी उरतोच. आठवड्याचे साठ तास काम करणारा माणूस हे सगळे कधी वाचणार? सगळे त्याने एकट्याने वाचू नये. पुण्यात याचा एक चांगला पायंडा आहे. 1983 मध्ये तत्त्वज्ञ दया कृष्ण, मे. पुं. रेगे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी इथे एक संवाद घडवून आणला होता. इंग्रजीत शिकलेले तत्त्वज्ञ आणि परंपरेत घडलेले पंडित समोरासमोर बसले, आणि बर्ट्रंड रसेल यांच्या विधानविषयक सिद्धांताबद्दलचे प्रश्न संस्कृतात मांडून पंडितांपुढे ठेवले गेले. त्याचा वृत्तांत 1991 मध्ये ग्रंथरूपाने निघाला. पंडितांकडून वचने गोळा करणे हा त्या प्रयोगाचा उद्देश नव्हता. आजचा जिवंत प्रश्न त्यांच्यापुढे ठेवून त्यांना त्यावर विचार करायला बोलावले होते, आणि त्यांनी तो केला. भीमाचार्य झळकीकरांचा न्यायकोश भांडारकर संस्थेने 1928 मध्ये वासुदेवशास्त्री अभ्यंकरांकडून सुधारून छापला. त्याचे कोणतेही पान उघडले तरी कळते की हे लोक शब्दांच्या व्याख्यांबाबत कोणत्याही प्रोग्रामरइतके काटेकोर होते. परम महासंगणक ज्या शहरात घडला आणि न्यायाचे अध्यापन जिथे अजून सुरू आहे, त्या शहरात हे दोन घोळके एका टेबलापाशी बसत नाहीत, याला अंतर हे कारण असू शकत नाही.

त्या टेबलावर काय ठेवायचे हेही मला स्पष्ट दिसते. ग्रंथांची यादी नको. अभियंत्यांनी आपल्या मॉडेलने केलेल्या चुकांची वही आणावी: दिलेला प्रश्न, आलेले उत्तर, अपेक्षित उत्तर, आणि चूक का झाली याचा त्यांचा अंदाज, हे सर्व साध्या मराठीत. न्याय जाणणाऱ्याने प्रत्येक नोंदीला एवढेच विचारावे, की इथे हेतू कोणता, विपक्षाचे उदाहरण पाहिले होते का, आणि दोष सव्यभिचाराचा, म्हणजे हेतू विपक्षातही सापडण्याचा, की असिद्धीचा, म्हणजे हेतूच पक्का न ठरण्याचा. जिथे न्यायाने सांगितलेल्या पाचांपैकी कोणताच हेत्वाभास, म्हणजे हेतूचा दोष, लागू पडणार नाही त्या नोंदी वेगळ्या काढाव्यात. माझा अंदाज आहे की अशा नोंदी बऱ्याच निघतील, कारण न्यायाच्या पाच पायऱ्यांच्या पंचावयवी वाक्यात न मावणारे तर्क ही यंत्रे सर्रास करतात, आणि त्या नोंदींपुढे नैयायिकालाही नवे लक्षण घडवावे लागेल.